डब्यात काय आणलंय? : नाशिकच्या जेवणामागची पार्श्वभूमी

डब्यात काय आहे, आज काळ्या मसाल्याचं केलंय की गोडा घातलाय, ठेचा जास्तच झणझणीत झालाय का, हे नाशिकमध्ये आज कुणीही कुणालाही विचारतं आणि न मागता एक घास समोरच्याच्या झाकणात टाकतं. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागची ओढाताण विसरायला होते. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या पंगतीला बसायचं, हे ठरल्याशिवाय चवीपर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

नाशिक पडलं तीर्थक्षेत्र. गोदावरीवर येणारा यात्रेकरू आपल्या घराण्याच्या उपाध्यायांकडे उतरायचा आणि त्याच्या जेवणाखाणाची सोय जातीच्या चौकटीतच लागायची. सिंहस्थात अन्नदान मोठं होई, आजही तपोवनात साधुग्रामात भंडारे चालतात आणि हजारोंची पानं उठतात. पण पूर्वी अन्न सगळ्यांना मिळालं तरी पान सगळ्यांचं शेजारी शेजारी मांडलं जात नव्हतं. सोवळ्यात रांधलेलं अन्न नुसत्या स्पर्शानेही बाटत असे.

ही चौकट शिकल्यासवरलेल्यांनाही सोडत नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्याच जिल्ह्यातले, 1842 साली निफाडला जन्मलेले. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं पुढे आली. कुणी चहा प्यायलं, कुणी नुसता कप हातात घेतला. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरभर वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे आणि टिळक, दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपासाठी! पुढे उच्च न्यायालयापर्यंत पोचलेल्या माणसाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्यांचं काय होत असेल?

त्यांनी ते 2 मार्च 1930 रोजी पंचवटीत येऊन सांगितलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे पाच वर्षं नेटाने चालवला. मागणी दर्शनाची होती, पण जिथे दारच बंद, तिथे प्रसादाच्या पंगतीत जागा कुठून मिळणार? दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तीही याच जिल्ह्यात. त्या काळात सुधारक ठिकठिकाणी सहभोजनं घडवत होते. मात्र एकदा एकत्र जेवल्याने जात मोडत नाही, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये लाहोरसाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात स्पष्ट मांडलं. मला ते आजही पटतं. सोहळा करून जेवणं निराळं आणि रोजचं जेवण निराळं.

रोजच्या जेवणाला वळण लावलं ते कारखान्यांनी. साठच्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, 1964 मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, मागून अंबड आणि सिडकोची घरं आली. मालेगाव, सटाणा, धुळे, जळगावकडची माणसं कामाला लागली. फर्स्ट शिफ्टच्या सुट्टीत एकाच बाकावर कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वरण-बट्टी, शेवभाजी, पेठ-सुरगाण्याकडची नागलीची भाकरी असे डबे उघडू लागले. तिथे सुट्टी अर्ध्या तासाची. कोण कुठला हे विचारत बसायला वेळ नव्हता आणि भाजी तर सगळ्यांच्या मधोमध होती. दुसऱ्याच्या घरची चव जिभेला लागली की माणूस घरी जाऊन सांगतो, ‘अगं, ती खानदेशातली शेवभाजी करून बघ.’ शहराच्या स्वयंपाकात खानदेश शिरला तो बराचसा असा, असं मी मानतो. शहराला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

बायांची देवघेव मात्र निराळ्या वाटेने चालली. भिंतीवरून वाटी जायची आणि रिकामी परत यायची नाही. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया घालायला चार घरं एकत्र यायची. पुढे शाळेत शिजवलेली खिचडी आली आणि मुलं एका ओळीत बसली. रविवारी गंगापूर रोडवर आणि मखमलाबादकडे काळ्या रश्शाच्या मिसळीसाठी टेबलं भरतात, तिथे शेजारी कोण बसलंय हे कुणी विचारत नाही.

तरी सगळं मोकळं झालेलं नाही. कॉलेजसाठी नाशिकला आलेली मुलं खोली बघायला जातात तेव्हा भाड्याच्या आधी ‘तुम्ही काय खाता?’ असं विचारणारे घरमालक आजही भेटतात. मटण-मासे खाणारं पोर मग सुकट आवडते हे वर्षभर कुणाला सांगत नाही आणि घरून आलेला डबा मित्राच्या खोलीवर नेऊन उघडतं.