नायट्राइल की लॅटेक्स: गॅरेजच्या कामाला कोणता हातमोजा?

दोन्ही हातमोजे पातळ, ताणले जाणारे, शंभराच्या खोक्यात मिळणारे. चढवताना फारसा फरक जाणवत नाही. इंजिन ऑइल लागलं की मात्र लॅटेक्स हळूहळू फुगतो, सैल पडतो आणि पाना आवळताना बोटाच्या टोकाशी फाटतो. नायट्राइल टिकतो.

कारण रबराच्या घडणीत आहे. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्याचे रेणू हायड्रोकार्बनचे (फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे), आणि ग्रीस, डिझेल, खनिज तेल हीसुद्धा मुख्यतः हायड्रोकार्बनच, म्हणून तेल त्या रबरात सहज शिरतं. नायट्राइल हे अ‍ॅक्रिलोनायट्राइल आणि ब्युटाडाइनपासून बनवलेलं रबर. त्यातल्या नायट्राइल गटांमुळे तेलाला आत शिरणं अवघड जातं. इंजिनाच्या कित्येक ऑइल सील, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या कड्या, याच रबराच्या असतात. शिवाय झाडाच्या चिकातल्या प्रथिनांची काहींना अ‍ॅलर्जी असते. नायट्राइलमध्ये ती प्रथिनं नसतात.

रंगावरून ओळखू नका. निळा किंवा काळा म्हणजे नायट्राइलच असं नाही. त्याच रंगात लॅटेक्स आणि व्हिनाइलचेही मोजे मिळतात. खोक्यावर ‘नायट्राइल’ स्पष्ट लिहिलेलं बघा. तरी शंका असली तर मोज्याचं एक बोट कापून अर्धा तास डिझेलमध्ये बुडवा, आगीपासून लांब, आणि मग त्याच मोज्याच्या कोरड्या बोटाशेजारी ठेवा. लॅटेक्सचं बोट स्पष्टपणे मोठं आणि लिबलिबीत झालेलं दिसेल.

जाडीही पाहा. दवाखान्यातले मोजे साधारण ०.१ मिमीचे असतात, ते नट-बोल्टच्या कडांवर टिकत नाहीत. गॅरेजसाठी ०.१५ ते ०.२ मिमीचे, बोटांवर खडबडीत पकड असलेले घ्या. तळव्याचा घेर मोजून माप ठरवा: साधारण ९ इंच असेल तर बहुतेक खोक्यांवर ‘एल’. घट्ट मोजा अंगठ्याच्या बेचक्यात आधी फाटतो.

आता नायट्राइल जिथे कमी पडतो ते. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर्गातलं असतं, खनिज तेल नव्हे. त्याने नायट्राइल फुगतो, उलट लॅटेक्स बरा टिकतो. ब्रेक ब्लीड करताना, म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढताना, मोजा भिजला तर लगेच बदला. अ‍ॅसिटोन किंवा टोल्युइन असलेल्या थिनरला यांतला कोणताच पातळ मोजा पुरत नाही. गरम सायलेन्सरपासूनही दोघांचं संरक्षण नाही.

हात कोरडे आणि स्वच्छ असतानाच मोजे घाला. तेलकट हातांवर चढवलेला मोजा तेल कातडीशी दाबून धरतो. काळ्या, वापरलेल्या इंजिन ऑइलबाबत हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्यात कर्करोगकारक संयुगं साठलेली असतात. मोज्याला भोक पडलं की तो टाकून द्या, हात साबणाने धुवा. पेट्रोलने हात धुऊ नका. ते कातडीचं नैसर्गिक तेल काढून घेतं आणि भेगा पाडतं. उन्हाळ्यात मोज्यात घाम साचून कातडी पांढरी, मऊ पडते. तेव्हा मोजे काढा, हात पुसून वाळू द्या आणि नवी जोडी घाला.

लेथ, ड्रिल किंवा फिरत्या चेनजवळ मात्र यांतला एकही मोजा नको. कडेला अडकला तर तो बोट आत ओढू शकतो. चेन साफ करायची तर इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हाताने फिरवून करा.