राजधानी हलली, गाणारे कुठे गेले?

गुरुवारची असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली की दौलताबादेत गवयांचा अमीर बाजारात येऊन बसायचा. बाजाराच्या मधोमध मोठा घुमट होता. त्याखाली गालिचे अंथरलेले, समोर नोकरचाकर उभे. मग गाणाऱ्या बायकांचे ताफे एकामागून एक येत, गात, नाचत. सूर्य मावळला की अमीर उठायचा आणि बैठक मोडायची.

हे वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याचं. दिल्लीच्या सुलतानाने त्याला चीनच्या वकिलातीवर पाठवलं, तेव्हा 1342 च्या सुमारास तो दौलताबादेवरून गेला. इथली द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, हेही त्याने टिपलं. पण त्याची लेखणी खरी रेंगाळली ती या बाजारात. दुकानं आहेत, प्रत्येक दुकानाचं मागचं दार मालकाच्या घरात उघडतं, आत गालिचे आहेत आणि मधोमध पाळण्यासारखा मोठा झोपाळा टांगला आहे. त्यावर दागिन्यांनी मढलेली गायिका बसलेली किंवा लवंडलेली, आणि दासी झोके देताहेत. बाजारात मशिदी होत्या, रमजानात तिथे तरावीहची नमाज चालायची. एक हिंदू राजा इथून जाताना घुमटाखाली उतरून गाणं ऐकत असे आणि पुढे एका मुसलमान सुलतानानेही तेच केलं, असंही तो सांगतो.

इतकं सगळं आहे, पण गाणाऱ्या एकीचंही नाव नाही.

बाजाराचं नाव मात्र आहे: तरबाबाद. तरब म्हणजे गाण्याबजावण्यातला आनंद. दिल्लीत हौज-ए-खासच्या काठी गाणाऱ्यांची वस्ती होती, तिलाही इब्न बतूता हेच नाव देतो. म्हणजे महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीचा कारभार इकडे हलवला, तेव्हा सरदार-दरकदारांच्या सामानासोबत दिल्लीचं तरबाबादही आलं असावं, असं मला वाटतं. आज किल्ल्याच्या पायथ्याशी हंगामात सीताफळांच्या पाट्या लागतात. घुमटाचा मागमूस नाही.

दौलताबाद, खडकी, औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. या भागाच्या गाण्याचा इतिहास सांगायचा तर राजधानी कधी आली आणि कधी उठून गेली, हे आधी सांगावं लागतं. गवई दरबाराच्या पदरी असायचा. दरबार हलला की तोही तंबोरा उचलून निघायचा.

हिशेबनिसाचा ग्रंथ

तुघलकाच्या शंभर वर्षं आधी हीच जागा देवगिरी होती. यादव राजा सिंघण (कारकीर्द सुमारे 1210 ते 1247) याच्या पदरी शारंगदेव नावाचा अधिकारी होता. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्याच सेवेत. शारंगदेवाकडे श्रीकरणाचं खातं होतं, म्हणजे राज्याचा जमाखर्च. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय: स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन. संगीत विशारदच्या परीक्षेत 'शारंगदेवाचे कार्य' हा प्रश्न आला की मुलं सात अध्यायांची नावं घोकून लिहितात आणि मार्क घेऊन मोकळी होतात. तिसरा अध्याय उघडून पाहायला कुणी सांगत नाही, आणि गंमत तर तिथेच आहे.

त्यात गायकांचे प्रकार आहेत. शिकवण्यात तरबेज तो शिक्षाकार, दुसऱ्याची नक्कल करणारा तो अनुकार, मग रसिक, रंजक, भावक. एकटा गाणारा एकल, जोडीने गाणारे यमल, समूहात गाणारे वृंदगायक. त्यानंतर येते 25 दोषांची यादी, आणि ती वाचताना हा माणूस देवगिरीच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसून मनात टाचणं करत असणार याची खात्री पटते. दात आवळून गातो तो संदष्ट. तोंड भयंकर वासतो तो कराली. कावळ्यासारखा आवाज काढतो तो काकी. उंटासारखी मान उंचावतो तो करभ. गाल भोपळ्यासारखे फुगवतो तो तुंबकी. डोळे मिटून गातो तो निमीलक. आणि नाकात गाणारा, सानुनासिक, तो तर आजही प्रत्येक गल्लीत सापडतो. डोळे मिटणं हा दोष वाचून मी चपापलो. आपल्याकडे गवयाने डोळे मिटले की श्रोत्यांना तो समाधीत गेल्यासारखा वाटतो. शारंगदेवाला तो समोरच्यांशी फटकून वागल्यासारखा वाटत असावा.

हिशेबनिसाची सवय एके ठिकाणी अगदी उघडी पडते. उत्तम गायनवृंदात किती माणसं असावीत? मुख्य गायक 4, साथीला गाणारे 8, गायिका 12, बासरीवाले 4, मृदंगवाले 4. बेरीज 32. गाणाऱ्यांत बायका आणि पुरुष बारा-बारा. हा आकडा त्याने हवेतून काढला नसणार. असे ताफे त्याने पाहिलेले असणार, त्यांच्या बिदागीच्या नोंदीही कदाचित त्याच्याच खात्यातून गेल्या असतील. पण त्या बारा जणींपैकी कुणाचंही नाव त्याने लिहिलं नाही.

ग्रंथात दरबाराबाहेरचं गाणंही थोडं डोकावतं. देशी प्रबंधांमध्ये, म्हणजे बांधीव गाण्याच्या प्रकारांत, त्याने ओवी आणि धवल यांची दखल घेतली. त्याच्या आधी शंभरएक वर्षं 'मानसोल्लास'मध्ये चालुक्य राजा सोमेश्वराने लिहून ठेवलं होतं की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. महदंबेचे धवळे याच यादवकाळातले. लग्नघरात म्हणायच्या गाण्याला शास्त्राच्या पोथीत एक ओळ मिळाली, हे त्या काळाच्या मानाने पुष्कळच म्हणायचं.

गोपाळ नायकाची पालखी

1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, रामदेवरायाने खंडणी भरली. 1307 मध्ये मलिक काफूर आला. आणखी दहा-अकरा वर्षांत यादवांचं राज्य संपलं. या धामधुमीत देवगिरीचा गवई गोपाळ नायक दिल्लीला गेला किंवा नेला गेला, असं परंपरा सांगते.

पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गोपाळ नायकाची पालखी शिष्य खांद्यावर वाहायचे, शिष्य बाराशे. दिल्लीत त्याच्याशी सामना द्यायला कुणी धजेना. तेव्हा दरबारी कवी अमीर खुसरो सुलतानाच्या सिंहासनाखाली लपून सहा दिवस त्याचं गाणं ऐकत राहिला आणि सातव्या दिवशी सगळं जसंच्या तसं गाऊन त्याला गप्प केलं. ही कथा सविस्तर येते ती फकीरुल्लाहच्या 'रागदर्पण'मध्ये, 1666 साली, म्हणजे घटनेनंतर साडेतीनशे वर्षांनी आणि तीही जिंकणाऱ्यांच्या बाजूने. आपल्याकडे ती सांगताना लोक खुसरोला चोर ठरवतात आणि दिल्लीकडचे त्याची कुशाग्र बुद्धी वाखाणतात. मला दोन्हींत फारसा रस नाही. गोपाळ नायक नावाचा मोठा जाणकार होऊन गेला, एवढं मात्र खरं दिसतं, कारण पंधराव्या शतकात विजयनगरला 'रत्नाकरा'वर टीका लिहिणारा कल्लिनाथ त्याचा उल्लेख करतो. देवगिरीच्या पोथीचा अर्थ लावण्याचं काम विजयनगरला झालं, आणि देवगिरीचा गवई लक्षात राहिला तो दिल्लीच्या दरबारातल्या गोष्टीमुळे. इथे मागे उरला फक्त किल्ला.

तुघलकाचा कारभार काही वर्षांतच परत दिल्लीला गेला. 1347 मध्ये बहामनी राज्याची सुरुवात दौलताबादेतच झाली, पण त्यांनी लगेच गुलबर्ग्याला बस्तान हलवलं. गवयांनी किती वेळा गाठोडी बांधली असतील!

जे हलले नाहीत

तुघलकाबरोबर सूफीही आले होते. दरबार परतला तरी ते खुलदाबादेत राहिले, कारण त्यांची सत्ता पीराच्या कबरीपाशी होती. बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू 1337) हे निजामुद्दीन औलियांचे शिष्य. समा म्हणजे भक्तीचं गाणं ऐकण्याची बैठक. त्यात त्यांची झुलण्याची, नाचण्याची तऱ्हा इतकी वेगळी होती की त्यांच्या मुरिदांना, म्हणजे शिष्यांना, 'बुऱ्हानी' म्हणू लागले. बुऱ्हानुद्दीन यांच्यापासून कव्वालीचा धागा इथे आजतागायत आहे.

पैठणला एकनाथांनी (1533 ते 1599) रस्त्यावरचे आवाज उचलले. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, महारीण, बहिरा, आंधळा असे गावात फिरून गाणारे-मागणारे लोक त्यांच्या भारुडांत आले. भारूड म्हणणाऱ्याला गळा लागतोच, पण त्याहून जास्त लागतो अंगात आलेला माणूस. 'बुरगुंडा' म्हणत निरंजन भाकरे मंचावर आले की पाठीमागच्या टाळकऱ्यांनाही हसू आवरायचं नाही. नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात फड लागतात, त्यासाठी कुठल्या दरबाराची सनद लागली नाही.

आंबेजोगाईच्या दासोपंतांची (1551 ते 1615) पासोडी बघायला लोक जातात, कापडावर लिहिलेला प्रचंड ग्रंथ म्हणून. त्यांनी रागांत बांधलेली ढीगभर पदं लिहिली, ती मात्र फारसं कुणी ऐकत नाही.

औरंगाबाद: कबर आणि कटाव

मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेल्या खडकीचं औरंगाबाद झालं ते 1653 नंतर, शहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा. या माणसाने पुढे, 1668 च्या सुमारास, आपल्या दरबारातलं गाणं बंद केलं. पण त्याआधी बऱ्हाणपूरला तो हिराबाई नावाच्या गायिकेवर भाळला होता. ती पुढे जैनाबादी म्हणून ओळखली गेली. ती तरुणपणीच वारली. 'मआसिर-उल-उमरा' हा मोगल सरदारांचा चरित्रकोश लिहिणारे शाहनवाज खान अठराव्या शतकात औरंगाबादेतच राहत होते. जैनाबादीची कबर औरंगाबादेत मोठ्या तलावाच्या काठी आहे, असं ते लिहितात. औरंगजेबाची कबर खुलदाबादला आहे, ती सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्यावरून भांडणंही होतात. जैनाबादीच्या कबरीचा पत्ता विचारणारा मला अजून भेटलेला नाही.

निजामाच्या काळात औरंगाबादेला पुन्हा राजधानीचे दिवस आले. निजामाच्या थोडा आधीचा वली आणि त्याच्या काळातला सिराज औरंगाबादी, दोघांच्याही गझला याच शहरातल्या. सिराजची 'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन' आजही भारत-पाकिस्तानातले कव्वाल गातात. याच काळात, त्याच गल्ल्यांत, अमृतराय (1698 ते 1753) कीर्तन करत होते. त्यांचे गुरू मध्वमुनीश्वरही इथलेच. अमृतरायांची ओळख म्हणजे कटाव: एकामागून एक यमकं कोसळत जातात, शब्द एकमेकांना ढकलत पुढे पळतात, श्वास कुठे घ्यायचा हे कीर्तनकाराला आधी ठरवून ठेवावं लागतं. त्यांनी हिंदुस्थानीतही रचना केल्या, आणि त्यात नवल काही नाही, बाजारात दोन्ही भाषा कानावर पडत होत्या. नुसतं वाचून कटाव कळत नाही. टाळ-मृदंगावर कुणी म्हणून दाखवला तरच कळतो, आणि तसे म्हणणारे आता मोजके उरलेत.

1763 मध्ये निजामाने राजधानी हैदराबादला नेली. गायिका आणि शायरा महलका बाई चंदा (1768 ते 1824) हिच्या घरच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका बऱ्हाणपूर, औरंगाबाद आणि मग हैदराबाद अशाच सरकत गेल्या होत्या. तिने मात्र स्वतःचं नाव पुसू दिलं नाही. 125 गझला, प्रत्येकीत 5 शेर, असा तिचा दिवाण, म्हणजे गझलसंग्रह, आहे. त्याची एक प्रत 1799 मध्ये तिने जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याला भेट दिली, ती आज लंडनला आहे. तिची कबर हैदराबादेत मौला अलीच्या पायथ्याशी. झोपाळ्यावर बसलेल्या त्या निनावी गायिकांनंतर साडेचारशे वर्षांनी, या वाटेवरून गेलेल्या एका गायिकेचं नाव कागदावर टिकलं, तेही तिने स्वतः लिहिलं म्हणून.

रेडिओ आणि गेट

हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला भारतात आलं. निजामाच्या रेडिओचं औरंगाबाद केंद्र 1950 मध्ये आकाशवाणीकडे गेलं. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्याला जोडला गेला, तशी इथल्या गाणाऱ्यांची नजर हैदराबादेकडून पुण्या-मुंबईकडे वळली. ज्यांना मोठं व्हायचं ते तिकडे गेले. पं. नाथराव नेरळकर नांदेडचे. ते औरंगाबादेत राहिले आणि शिकवत राहिले. शास्त्रीय गाणं शिकायचं तर मुलांना पुण्याची एसटी धरावी लागू नये, एवढं त्यांनी आणि त्यांच्यासारख्या शिक्षकांनी केलं. ते आणि निरंजन भाकरे, दोघंही 2021 मध्ये गेले.

वेरूळ महोत्सव सोनेरी महालापाशी भरतो. पाहुणे मोठे असतात, प्रकाशयोजना देखणी असते, मीही खुर्ची धरून ऐकतो. पण गाणारे बहुतेक बाहेरून येतात आणि रात्रीच परततात. तुघलकाच्या बाजारासारखंच म्हणा, फक्त मुक्काम छोटा.

14 जानेवारीला मात्र विद्यापीठाच्या गेटवर जा. 1994 मध्ये याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, सोळा वर्षांच्या लढ्यानंतर. त्या दिवशी गेटसमोर मंच लागतात, जालना, परभणी, बीडकडून गाड्या भरून लोक येतात. एका मंचावर ढोलकी आणि कोरस तापलेला असतो, शेजारच्या मंचाचा भोंगा त्याला दाबायला बघत असतो. जात्यावरच्या ओवीच्या चालीत भीमाचं गाणं म्हणणारी एखादी आजी माईकजवळ येते, निवेदक तिचं नाव पुकारतो, पण बाजूच्या कर्ण्यात ते ऐकूच येत नाही. पदर डोक्यावर सारखा करून ती डोळे मिटते आणि सुरू करते.