स्क्रीन छपाई, घरगुती (कापडावरील)

चौकटीवर ताणलेल्या जाळीचा काही भाग बुजवून, उघड्या राहिलेल्या भागातून रबरी पट्टीने रंग दाबून कापडावर आकृती उमटवण्याची रीत. या नोंदीत घरच्या टेबलावर, एक-दोन रंगांत आणि यंत्राविना होणाऱ्या छपाईचाच विचार केला असून उदाहरणे नाशिक शहर व परिसरातील घेतली आहेत.

ठशाच्या छपाईत रंग उंचवट्यावर बसतो, खोदीव मुद्रणात खाचेत आणि शिळामुद्रणात सपाट दगडावर. स्क्रीनमध्ये तो कुठेच बसत नाही, आरपार जातो. नाशिकचे नाव मुद्रणाच्या संदर्भात निघते ते बहुधा नाशिकरोडच्या १९२५ सालच्या सरकारी सुरक्षा मुद्रणालयामुळे. ते काम वेगळ्या कुळातले आणि वेगळ्या शिस्तीचे आहे. येवल्याच्या पैठणीचाही येथे संबंध येत नाही, कारण तिची नक्षी विणीतच भरलेली असते.

उगम : या कलेचा उगम कुठे मानायचा याबद्दल एकमत नाही. काही लेखक तो चीनमधील सुंग काळापर्यंत (९६०–१२७९) मागे नेतात, तर काही जण केळीच्या पानात आकृती कापून सालीच्या कापडावर रंग लावण्याच्या फिजी बेटांवरील प्रथेकडे बोट दाखवतात. या दोन्ही मतांत स्टेन्सिल (आकृती कापून काढलेला साचा) आणि स्क्रीन यांची गल्लत झालेली दिसते. स्टेन्सिल सर्वत्र आढळते. स्क्रीन हे तिच्या एका जुन्या अडचणीचे उत्तर आहे आणि ते बरेच उशिरा सापडले.

ती अडचण म्हणजे ‘बेटे’. जाड कागदावर ‘नाशिक’ हा शब्द कोरून पाहिला की ती लगेच कळते. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध कापला जातो आणि त्याबरोबर वेलांटीच्या कमानीखालचा तुकडा आणि ‘क’च्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतात. रंग लावल्यावर त्या जागी नुसते डाग उमटतात. हे तुकडे टिकवायचे, तर बाजूच्या कागदाशी जोडणारे बारीक पूल सोडावे लागतात. लाकडी खोक्यांवर आणि लोखंडी ट्रंकांवर स्टेन्सिलने लिहिलेली नावे तुटक दिसतात ती या पुलांमुळे.

जपानमधील कातागामी, म्हणजे कागदी साचे कापणाऱ्या, कारागिरांनी पूल न सोडता बेटे टिकवली. जपानी टेंभुर्णीच्या, म्हणजे काकी फळाच्या, तुरट रसाने पक्क्या केलेल्या कागदाचे दोन सारखे साचे कापून ते त्यांच्यामध्ये रेशमाचे बारीक धागे ठेवत आणि साचे एकमेकांवर चिकटवत. धागा इतका बारीक असे की त्याची खूण कापडावर उमटत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे साचे मोठ्या संख्येने युरोपात गेले. या धाग्यांतूनच पुढे सलग जाळीची कल्पना सुचली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते संभाव्य वाटते. मात्र जाळीला साच्याची आधारभूमी मानणारे लेखी हक्कपत्र (पेटंट) मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांचे असून ते साधारणपणे १९०७ सालचे धरले जाते. कातागामीला पूर्वज आणि १९०७ च्या आसपासचा काळ हा स्क्रीनचा जन्म मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

महाराष्ट्रातील रांगोळीचे छाप या संदर्भात कधी कधी पुढे केले जातात. पत्र्याच्या डबीला भोके पाडून केलेला छाप बेटांचा प्रश्न ठिपक्यांनी सोडवतो, तर चौकटीत जाळी ताणून मोर किंवा कमळ सोडून बाकीचा भाग बुजवलेली रांगोळीची चाळणी तत्त्वाने स्क्रीनच आहे. हे साम्य तत्त्वाचे आहे. वंशाचा पुरावा म्हणून ते वापरू नये. शिकवताना मात्र यासारखे दुसरे साधन नाही. चाळणीतून रांगोळी उंबऱ्याशी पडताना ज्याने पाहिली आहे, त्याला स्क्रीनचे निम्मे तत्त्व आधीच माहीत असते.

जाळी : सुरुवातीच्या स्क्रीनसाठी पीठगिरण्यांत पीठ चाळण्याचे रेशमी कापड वापरत. आज जाळी नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असली, तरी दुकानात तिला ‘बोल्टिंग’ म्हणतात. हे त्या चाळण्याच्याच कापडाचे नाव आहे. जाळीचा क्रमांक धाग्यांच्या संख्येवरून ठरतो. ‘४३ टी’ म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे, इंचाला सुमारे ११०. कापडासाठी ही जाळी सोयीची असते. कागदावरच्या लग्नपत्रिकांना १०० ते १२० टीची बारीक जाळी लागते. लग्नपत्रिका छापणाऱ्याची जुनी स्क्रीन कापडाला वापरली की रंग अपुरा उतरतो, आणि नवशिक्याला दोष आपल्या हाताचा वाटतो. नायलॉन पाणी पिऊन सैलावते, त्यामुळे एकाहून अधिक रंगांच्या कामात पॉलिएस्टर बरे. अगदी घरगुती कामाला भरतकामाच्या रिंगमध्ये ताणलेली जुनी ऑर्गंझाची ओढणीही चालते.

बुजवण्याच्या रीती : सर्वांत सोपी रीत कागदाची. आकृती कापलेला बटर पेपर जाळीखाली ठेवून रबरी पट्टीचा पहिला हात ओढला की रंगाच्या चिकटपणाने तो जाळीला धरून बसतो. सुटलेली बेटेही त्या वेळी जागच्या जागी चिकटतात आणि जाळी त्यांना सांभाळते. वीस-पंचवीस छापांनंतर कागद भिजून फाटतो.

टिकाऊ रीत प्रकाशाची. तीत जाळीवर प्रकाशाने कडक होणारा थर देतात आणि त्यावर काळी आकृती ठेवून उजेड दाखवतात. बायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) लावलेला कागद उन्हात काळवंडतो हे मंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये दाखवले. पुढे याच क्षारांमुळे जिलेटिन प्रकाशात कडक होते हे कळले, आणि १९१० नंतरच्या दशकात अमेरिकेत त्याचा स्क्रीनसाठी उपयोग होऊ लागला. प्रकाश पडला की सहासंयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम होते. ते जिलेटिनच्या किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधते आणि तो थर पाण्यात विरघळेनासा होतो. काळ्या आकृतीखाली झाकलेला भाग मात्र कोमट पाण्याने धुऊन निघतो. नळाखाली धरलेल्या जाळीवर काही क्षण काहीच घडत नाही. मग अक्षराच्या कडा फिकट होतात आणि ‘क’चे पोट सोडून बाकीचे अक्षर उघडे पडते.

प्रकाशाचा वेळ हा या रीतीचा नाजूक भाग आहे. नाशिकला एप्रिलच्या दुपारचे ऊन आणि जुलैतले ढगाळ आभाळ यांत इतका फरक असतो की छापील कोष्टकातला वेळ उपयोगी पडत नाही. खात्रीची पद्धत म्हणजे एका लहान चौकटीवर पुठ्ठा टप्प्याटप्प्याने सरकवत चार-पाच पट्ट्यांना वेगवेगळा वेळ देणे. ज्या पट्टीत बारीक रेघ उघडते आणि बाजूचा थर निसरडा होत नाही, तो त्या दिवसाचा वेळ. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली काम करणारे लोक सूर्याच्या भरवशावर राहत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

रंग आणि कापड : सुती कापड आधी धुऊन त्याची खळ काढावी लागते. मांजरपाट यासाठी चांगला. मालेगावच्या यंत्रमागांमुळे जिल्ह्यात कोऱ्या कापडाला तोटा नाही. घरी पिगमेंट (रंगद्रव्य) आणि ते कापडाला धरून ठेवणारा ॲक्रिलिक बाइंडर यांचे मिश्रण वापरतात. पट्टी कापडाशी ४५ ते ६० अंशांत धरून एका दमात ओढायची असते. मध्येच हात थांबला की तिथे आडवी रेघ दिसते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत रंग जाळीतच वाळतो आणि स्क्रीन ‘चोक’ होते. म्हणून दोन छापांच्या मध्ये जाळीवर रंगाचा पातळ थर पसरून ठेवतात आणि पंखा बंद करतात. बाइंडर पक्का होण्यासाठी कारखान्यात सुमारे १५० अंश सेल्सिअसला काही मिनिटे उष्णता देतात. घरी एक दिवस वाळवून उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवली जाते. ही पायरी गाळलेला टी-शर्ट पहिल्याच धुण्यात फिका होतो.

प्रसार : घरच्या स्क्रीनचे सुटसुटीत रूप जपानमध्ये ‘प्रिंट गोको’ या लहान पेटीने १९७७ पासून लोकांपर्यंत नेले, तिचे उत्पादन २००८ मध्ये थांबले. नाशिकमध्ये ही छपाई गणेश मंडळांचे आणि ढोलपथकांचे टी-शर्ट, सिंहस्थातील ध्वज (मागचा सिंहस्थ २०१५ चा) आणि कापडी पिशव्या यांवर दिसते. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आल्यावर पिशव्यांच्या कामाला निमित्त मिळाले.

धोके व विल्हेवाट : अमोनियम किंवा पोटॅशियम बायक्रोमेटची नारिंगी पूड आजही स्वस्त म्हणून वापरली जाते. सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे; त्वचेवर त्याच्या जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. ही पूड स्वयंपाकघरात, मुलांच्या हाताशी किंवा हातमोज्यांविना वापरणे कोणत्याही बचतीला शोभणारे नाही. डायझो प्रकारचे द्रावण थोडे महाग असले तरी तेच काम करते आणि त्यात क्रोमियम नसते. रॉकेल व पाणी घुसळून रंग दाट करण्याची जुनी रीतही आगीच्या भयामुळे घरात टाळावी. स्क्रीन धुतलेले पाणी मोरीतून गटारात, तिथून नासर्डी नदीत आणि पुढे गोदावरीत जाण्याची शक्यता असते. म्हणून जाळीवर उरलेला रंग आधी पत्र्याने खरवडून डब्यात परत भरतात, पट्टी जुन्या वर्तमानपत्राला पुसतात आणि मगच चौकट बादलीत बुडवतात. बादलीच्या तळाशी बसलेला गाळ वाळवून सुक्या कचऱ्यात वेगळा बांधून देता येतो. बायक्रोमेटचा गाळ मात्र घातक कचरा असल्याने त्याला ही वाट चालत नाही.