वित्तीय नियोजकांची व्यावसायिक पात्रता

एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न, खर्च, कर्ज, विमा, गुंतवणूक, कर, निवृत्ती आणि वारसा यांचा एकत्र विचार करून पुढच्या वर्षांची आखणी करून देणाऱ्या व्यक्तीला वित्तीय नियोजक म्हणतात. या कामासाठी लागणारे शिक्षण, परीक्षा, अनुभव, आचारसंहिता आणि नियामकाकडची नोंदणी मिळून त्याची व्यावसायिक पात्रता ठरते. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यासाठी भारतात अशी स्वतंत्र नोंदणी २०१३ साली आली. ही नोंद मुख्यतः भारतातल्या व्यवस्थेबद्दल आहे. अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांचा उल्लेख संदर्भापुरता केला आहे.

पात्रता का पाहावी लागते

शिंप्याने कपडा बिघडवला तर तो अंगात घालताच कळतो. पैशांच्या सल्ल्यातली चूक उघडी पडायला पंधरा-वीस वर्षे जातात. तोवर सल्ला देणारा दुसऱ्या शहरात बदलून गेलेला असतो किंवा त्याने तो व्यवसायच सोडलेला असतो, आणि गेलेली वर्षे ग्राहकाला परत मिळत नाहीत. शिवाय बाजार वर जात असला की सगळ्यांचेच सल्ले बरोबर ठरतात. त्यामुळे निकालावरून माणूस पारखायची सोय इथे नाही. पहिल्याच दिवशी तपासता येतील अशा गोष्टी तीनच आहेत: हा माणूस काय शिकला आहे, तो कोणाला उत्तरदायी आहे, आणि त्याला पैसे कोण देतो.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. बचतीची विमा पॉलिसी: वर्षाला ५०,००० रुपये हप्ता, मुदत २० वर्षे, मुदतीअखेर साडेसतरा लाख. ‘दहा लाख भरा, साडेसतरा लाख घ्या’ असे सांगितले की ऐकणाऱ्याला पाऊणपट नफा दिसतो. प्रत्यक्षात पहिला हप्ता वीस वर्षे अडकलेला असतो, दुसरा एकोणीस, आणि शेवटचा एकच वर्ष. प्रत्येक हप्त्याचा कालावधी धरून हिशेब केला की परताव्याचा दर वर्षाला सुमारे ५ टक्के निघतो. महागाई ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर या पैशांची खरेदीशक्ती उलट घटलेली असते. अशा पॉलिसीत विम्याचे संरक्षण बहुधा वार्षिक हप्त्याच्या दसपट, म्हणजे पाच लाखांच्या आसपास असते. महिना ६०,००० कमावणारा माणूस अचानक गेला तर ही रक्कम जेमतेम आठ महिन्यांच्या पगाराएवढी होते. प्रशिक्षित नियोजक आधी हे विचारतो की तुमच्या पश्चात घर किती वर्षे चालायला हवे, आणि तेवढे संरक्षण निव्वळ मुदत विम्यातून (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणाऱ्या, बचत नसलेल्या विम्यातून) घेतले तर किती खर्च येईल. हे गणित अवघड नाही. पण ते शिकावे लागते, आणि शिकल्यावर ग्राहकासमोर मांडायची तयारी लागते.

दुसरे उदाहरण म्युच्युअल फंडाचे. महिना १०,००० रुपयांची एसआयपी २० वर्षे चालली आणि परतावा वर्षाला १२ टक्के धरला तर सुमारे ९९.९ लाख जमतात. दर वर्षी एक टक्का जास्तीच्या खर्चात गेला आणि हाती ११ टक्के राहिले तर ८७.४ लाख. फरक साडेबारा लाखांचा. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण तत्त्व खरे आहे. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत ‘डायरेक्ट’ पर्याय उपलब्ध आहे, त्यात वितरकाचे कमिशन नसते. ‘रेग्युलर’ पर्यायात ते असते आणि ते योजनेच्या खर्चातून, म्हणजे अखेर गुंतवणूकदाराच्याच पैशांतून जाते. चांगला वितरक या कमिशनच्या मोबदल्यात खरी सेवा देतो. बाजार कोसळल्यावर घाबरून पैसे काढू नका, असे सांगणारे कोणी असणे अनेक कुटुंबांसाठी एक टक्क्याहून मोलाचे ठरते. मात्र आपण काय मोजतो आहोत हे ग्राहकाला माहीत असायला हवे.

एजंट, वितरक, सल्लागार

या तिघांना आपल्याकडे सरसकट ‘आमचे इन्व्हेस्टमेंटवाले’ म्हणतात, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. विमा एजंट हा विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो. तो विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांखाली प्रशिक्षण आणि परीक्षा पूर्ण करतो. म्युच्युअल फंड वितरक एनआयएसएम या प्रमाणपत्र परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ‘पाच-ए’ मालिकेची परीक्षा उत्तीर्ण होतो. ती १०० गुणांची असते, उत्तीर्ण व्हायला ५० गुण लागतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. त्यानंतर म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ॲम्फीकडून त्याला एआरएन हा वितरकाचा नोंदणी क्रमांक मिळतो. ही परीक्षा योजना समजून विकण्यापुरती पुरेशी आहे. एखाद्या कुटुंबाची निवृत्ती आखायला ती पुरत नाही, आणि तसा तिचा दावाही नाही.

तिसरा म्हणजे सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाकडे नोंदणी झालेला गुंतवणूक सल्लागार. तो ग्राहकाकडून फी घेतो आणि कायद्याने ग्राहकाशी विश्वस्ताच्या नात्याने बांधलेला असतो. ग्राहकाची जोखीम पेलण्याची क्षमता आधी तपासणे, सल्ला त्या ग्राहकाला योग्य का आहे हे लिहून ठेवणे आणि नोंदी पाच वर्षे जपणे त्याला बंधनकारक आहे. ज्या ग्राहकाला तो सल्ला देतो त्याच ग्राहकाला तो कमिशनवर काही विकू शकत नाही.

बँकेत मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला गेलेल्या ज्येष्ठ नागरिकाला काउंटरपलीकडचे साहेब ‘यापेक्षा चांगली स्कीम आहे’ असे सांगतात, तेव्हा ते बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या भूमिकेत बोलत असतात. ऐकणाऱ्याला मात्र ते सल्लागार वाटतात, कारण बँकेच्या पाटीवर त्याचा तीस वर्षांचा विश्वास असतो. ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम नुकतीच हाती आलेली असते आणि ती पुन्हा कमावण्याचे वय उरलेले नसते. पात्रतेचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो या टेबलापाशी.

सेबीचे नियम: २०१३ ते २०२४

सेबीने गुंतवणूक सल्लागारांसाठीचे नियम जानेवारी २०१३ मध्ये अधिसूचित केले आणि ते त्याच वर्षी एप्रिलपासून लागू झाले. ‘गुंतवणूक सल्ला’ या संज्ञेत वित्तीय नियोजनाचाही समावेश केला गेला. मूळ नियमाला वेगवेगळे अपवाद आहेत. आपल्या मुख्य कामाच्या ओघात जुजबी सल्ला देणारे वितरक, विमा एजंट, वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांना वेगळी नोंदणी लागत नाही.

२०२० च्या दुरुस्तीने अटी कडक झाल्या. वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र अशा विषयांतली पदव्युत्तर किंवा व्यावसायिक पात्रता, पाच वर्षांचा अनुभव, एनआयएसएमच्या ‘दहा-ए’ आणि ‘दहा-बी’ मालिकेच्या दोन परीक्षा, आणि व्यक्तीसाठी पाच लाखांची नक्त (देणी वजा जाता उरणारी) मालमत्ता. फीवरही मर्यादा आली: सल्ल्याखालील मालमत्तेच्या अडीच टक्के किंवा एका कुटुंबामागे वर्षाला सव्वा लाख रुपये. याच दुरुस्तीने नावाचा प्रश्नही सोडवला. नोंदणी नसलेल्या वितरकाला ‘इंडिपेंडंट फायनान्शियल ॲडव्हायझर’, ‘वेल्थ ॲडव्हायझर’ किंवा तत्सम बिरुद लावता येणार नाही असे ठरले, आणि वर्षानुवर्षे ‘आयएफए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांच्या कार्डांवर ‘म्युच्युअल फंड वितरक’ असे शब्द आले. नुसत्या शब्दांचा हा बदल वाटतो, पण कार्ड हातात घेणाऱ्या माणसाला समोर कोण बसले आहे हे त्यामुळे पहिल्यांदाच नीट कळू लागले.

परिणाम दुहेरी झाला. दर्जा राखला गेला, पण नोंदणीकृत सल्लागारांची संख्या एवढ्या मोठ्या देशात हजाराच्या आसपासच रेंगाळली. त्या तुलनेत म्युच्युअल फंड वितरकांची संख्या लाखाच्या पुढे आहे. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने अटी सैल केल्या. संबंधित विषयातली पदवी पुरेशी ठरली, अनुभवाची अट गेली आणि दुसरा व्यवसाय सांभाळून अर्धवेळ सल्लागार होण्याची वाट उघडली. नक्त मालमत्तेऐवजी ग्राहकांच्या संख्येनुसार ठेव ठेवायची पद्धत आली: १५० ग्राहकांपर्यंत १ लाख, तर एक हजाराहून जास्त ग्राहक असल्यास १० लाख. ठोक फीची मर्यादा पुढे १ लाख ५१ हजारांवर गेली. दोन्ही एनआयएसएम परीक्षा मात्र कायम आहेत. पदवीची अट शिथिल करणे समजण्यासारखे आहे. अनुभवाची अट पूर्ण काढून टाकणे हे मात्र नुकसानच वाटते. २००८ किंवा मार्च २०२० सारखी पडझड ज्याने ग्राहकाच्या बाजूला बसून पाहिलेली नाही, त्याला ते शिक्षण कोणतीही प्रश्नपत्रिका देऊ शकत नाही. निदान वर्षभराची उमेदवारी ठेवायला हवी होती.

एनआयएसएम, म्हणजे राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था, सेबीने २००६ मध्ये स्थापन केली. तिचा निवासी परिसर रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे आहे. देशभर शेअर बाजाराशी संबंधित कामे करणाऱ्यांना लागणारी प्रमाणपत्रे या संस्थेकडून मिळतात.

सीएफपी आणि इतर प्रमाणपत्रे

नोंदणी हा कायद्याचा उंबरठा आहे. त्यापलीकडे स्वेच्छेने मिळवायच्या पात्रता आहेत, आणि नियोजनासाठी त्यांत सर्वांत जवळची म्हणजे सीएफपी, अर्थात सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर. तिचे मूळ १२ डिसेंबर १९६९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळाजवळ झालेल्या बैठकीत सापडते. लॉरेन डंटन यांच्या पुढाकाराने १३ जण जमले होते. विमा विकणारा वेगळा, फंड विकणारा वेगळा आणि ग्राहकाचे संपूर्ण चित्र पाहणारा कोणीच नाही, ही त्यांची अडचण होती. त्यातून कॉलेज फॉर फायनान्शियल प्लॅनिंग उभे राहिले आणि १९७३ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. अमेरिकेबाहेर सीएफपी या चिन्हाची जबाबदारी २००४ पासून एफपीएसबी (फायनान्शियल प्लॅनिंग स्टँडर्ड्स बोर्ड) ही संस्था पाहते. भारतात तिचे काम मुंबईतून चालते. जगात दोन लाखांहून अधिक सीएफपीधारक आहेत, त्यांतले भारतात तीन हजारांच्या आसपास.

शिक्षण, परीक्षा, अनुभव आणि नीतिमत्ता हे तिचे चार खांब. भारतात उमेदवार गुंतवणूक नियोजन, निवृत्ती व कर नियोजन, जोखीम व वारसा नियोजन असे तीन टप्पे पार करतो. शेवटी एकात्मिक नियोजनाच्या टप्प्यात एका कुटुंबाची संपूर्ण योजना त्याला तयार करावी लागते. सीए (चार्टर्ड अकाउंटंट), सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट) अशा पात्रता असणाऱ्यांना शेवटच्या टप्प्याकडे जाणारा जवळचा मार्ग आहे. प्रमाणपत्र मिळाले की संपले असे नाही. ते नियमित नवे करावे लागते आणि त्यासाठी शिकत राहावे लागते.

वारसा नियोजन हा विषय यात का हवा, याचे उत्तर एका निकालात मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका कुटुंबाच्या वादात स्पष्ट केले की शेअरवर नामनिर्देशन झाले म्हणून नॉमिनी त्याचा मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जाते. ‘नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही’ असे समजणारी घरे आजही गल्लोगल्ली आहेत. फक्त योजना विकणाऱ्याला हा फरक सांगण्याचे कारण पडत नाही.

सीएफए ही पात्रता कठीण आणि प्रतिष्ठेची आहे, पण तिचा भर रोखे आणि कंपन्यांच्या विश्लेषणावर असतो. चार्टर्ड अकाउंटंट कराचा जाणकार असतो. विमा क्षेत्रात मुंबईच्या भारतीय विमा संस्थेच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो या परीक्षा मानाच्या आहेत. यांतली एकही पात्रता दुसरीची जागा घेत नाही. कर विवरणपत्र भरून देणाऱ्या सीएला ‘आता पैसे कुठे लावू’ असे जाता जाता विचारणे मराठी घरांत सर्रास चालते, आणि मिळणारे उत्तरही तसेच जाता जाता दिलेले असते.

परदेशातला अनुभव

ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस किरकोळ गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचे कमिशन बंद केले, किमान शिक्षणाची पातळी वाढवली आणि सल्लागाराला दर वर्षी ३५ तासांचे शिक्षण सक्तीचे केले. ऑस्ट्रेलियात बँकांच्या गैरव्यवहारांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अंतिम अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. पदवी आणि राष्ट्रीय परीक्षेची सक्ती त्याच काळात लागू होत होती. त्यानंतर काही वर्षांत तिथल्या सल्लागारांची संख्या सुमारे २८ हजारांवरून १६ हजारांच्या आसपास आली. दर्जा वाढला, सल्ला महागही झाला, आणि बेताच्या उत्पन्नाच्या माणसाला तो परवडेनासा झाला. २०२४ मध्ये अटी सैल करताना सेबीसमोरही हाच पेच होता.

मर्यादा आणि पडताळणी

प्रमाणपत्र प्रामाणिकपणाची हमी देत नाही. परीक्षा ज्ञान तपासते, दानत नाही. फरक हा की नोंदणीकृत माणसाने फसवले तर दाद मागायला जागा असते: सेबीच्या स्कोअर्स या संकेतस्थळावर तक्रार करता येते, नोंदणी रद्द होऊ शकते. समाजमाध्यमांवर शेअरच्या ‘टिप्स’ देणाऱ्या बिनपात्रतेच्या मंडळींच्या बाबतीत हे दार फार उशिरा उघडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने अशाच एका चॅनेलवर कारवाई करून १७ कोटींहून अधिक रक्कम जमा करण्याचा आदेश दिला, पण तोवर अनेकांचे पैसे जाऊन चुकले होते.

गुंतवणूक सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो नावासह पडताळता येतो. वितरकाचा एआरएन ॲम्फीच्या संकेतस्थळावर आणि सीएफपीधारकाचे नाव एफपीएसबीच्या यादीत सापडते. भेटीच्या आधी हे तपासायला पाच मिनिटे लागतात. क्रमांक विचारल्यावर समोरचा माणूस नाराज झाला, तर तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते.

मराठी ग्राहकाच्या दृष्टीने एक अडचण शिल्लक आहे. विमा एजंटाची परीक्षा मराठीतून देता येते, पण सीएफपीचा अभ्यास आणि परीक्षा इंग्रजीत आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावात मराठीतून बोलणारा, घरी येऊन बसणारा माणूस बहुधा सर्वांत कमी प्रशिक्षणाचा असतो आणि सर्वाधिक शिकलेला सल्लागार मुंबई-पुण्यात असतो. आता व्हिडिओ कॉलवरून दूरच्या सल्लागाराशी बोलता येते, पण जोखीम, चक्रवाढ, मृत्युपत्र हे विषय आपल्या भाषेत, आपल्या घरच्या आकड्यांवर समजावून देणारे पात्र लोक जिल्ह्याजिल्ह्यात अजून फार थोडे आहेत.