घरी जोडलेल्या पंप पॅनलवरचे दिवे आणि बटणं

विहिरीवरच्या किंवा बोअरच्या थ्री फेज मोटारीसाठी पॅनल स्वतः जोडणारे बरेच ग्राहक आमच्याकडून कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकानं मोटारीचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच), पुश बटणं आणि एलईडी इंडिकेटर नेतात. सामान चांगलं असतं, जोडणी नेटकी असते, तरी दिवा चुकीची बातमी देतो. कारण बहुतेक वेळा एकच: वायर जिथून सोपी पडली तिथून घेतलेली असते. आपल्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज आहे, एवढंच दिव्याला कळतं. त्यामुळे या दिव्यानं मला काय सांगायचं, हे आधी ठरवा.

लाल, पिवळा आणि निळा हे फेजचे दिवे मेन स्विचनंतर आणि कॉन्टॅक्टरच्या आधी जोडा. प्रत्येक वायरला २ अँपिअरचा फ्यूज हवाच. फ्यूज नसेल आणि शॉर्ट झाला, तर मेनचा फ्यूज उडायच्या आधीच ही बारीक वायर पेटू शकते. नेहमीचे इंडिकेटर २४० व्होल्टचे असतात, म्हणजे एक टोक फेजला आणि दुसरं न्यूट्रलला. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, तिथे जोडलेला दिवा जळतो. पॅनलपर्यंत न्यूट्रल आलेला नसेल तर तो आणून घ्या. अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून कधीही वापरू नका. ती वायर पुढे कुठे तुटली तर दिव्यातून आलेला करंट पेटीच्या पत्र्यावर उतरतो, आणि त्याच पत्र्याला आपण ओल्या हातानं शिवतो.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मोटार चालू असताना एक फेज गेला, तरी त्या फेजचा दिवा पुष्कळदा विझत नाही, फक्त थोडा मंद होतो. दोन फेजवर फिरत राहिलेली मोटार तिसऱ्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि ते कॉन्टॅक्टरमधून उलटं दिव्यापर्यंत येतं. तोवर वाइंडिंग तापत असतं. दिव्यांवर विसंबून सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण) टाळणं आम्हाला अजिबात पटत नाही.

बटणांचं सर्किट असं: फेज, फ्यूज, ओव्हरलोड रिलेचे (मोटार जादा करंट घेऊ लागली की सर्किट तोडणाऱ्या रिलेचे) ९५-९६ नंबरचे पॉइंट, लाल स्टॉप बटण (एनसी, म्हणजे न दाबता जोडलेलं), हिरवं स्टार्ट बटण (एनओ, म्हणजे दाबल्यावरच जोडणारं), मग कॉइलचं ए१ टर्मिनल. कॉइल २४० व्होल्टची असेल तर ए२ न्यूट्रलला, ४१५ ची असेल तर दुसऱ्या फेजला, आणि त्या फेजलाही फ्यूज. कॉन्टॅक्टरचे १३-१४ नंबरचे एनओ पॉइंट स्टार्ट बटणाला समांतर जोडा. बटण सोडल्यावर कॉइल धरून ठेवतात ते हेच पॉइंट. लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि परत आली तरी मोटार आपोआप उठत नाही. कोणी विहिरीत उतरलेलं असेल तेव्हा याची किंमत कळते. बटणाऐवजी साधा चालू-बंद स्विच लावला तर हे संरक्षण जातं.

‘मोटार चालू’चा हिरवा दिवा कॉइलला समांतर जोडू नका. कॉइलला व्होल्टेज मिळालं, पण कॉन्टॅक्टर ओढलाच नाही, तरी तो दिवा लागतो. शिवाय कॉइल ४१५ ची असेल तर २४० चा दिवा जळतो. कॉन्टॅक्टरवर जादा एनओ पॉइंटचा ब्लॉक बसवा आणि फ्यूजनंतरचा फेज त्यातून दिव्याला द्या. ट्रिपच्या (ओव्हरलोडनं मोटार बंद केल्याच्या) दिव्यासाठी ओव्हरलोड रिलेचे ९७-९८ पॉइंट वापरा. काही जुन्या पेट्यांवर लाल दिवा म्हणजे मोटार चालू, असा अर्थ असतो. म्हणून प्रत्येक दिव्याखाली पट्टी लावाच.

बटणं आणि दिव्यांसाठी दाराला २२.५ मिलिमीटरचं भोक पाडा आणि कडा कानशीनं घासा. दारावरच्या वायरी १ चौरस मिलिमीटरच्या, बहुतारी आणि टोकाला लग (धातूची टोपी) दाबलेल्या हव्यात. बिजागरीपाशी थोडा ढिला पीळ ठेवा, नाहीतर उघडझाप होऊन तार तिथेच तुटते. दाराला अर्थिंगची वेगळी वायर द्या, बिजागरीच्या भरवशावर राहू नका.

सप्लाय देण्यापूर्वी मल्टिमीटरच्या बझरवर दोन्ही बटणं तपासा: न दाबता स्टॉप वाजलं पाहिजे, स्टार्ट दाबल्यावरच. मेन जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. सामान न्यायला येताना कॉइलवर छापलेल्या व्होल्टेजचा आणि रिलेच्या टर्मिनलचा मोबाइलवर फोटो काढून आणा. त्यावरून कोणता दिवा आणि कोणता ब्लॉक लागेल ते आम्ही काउंटरवरच सांगतो आणि सर्किट कागदावर काढून देतो.