दाखल करताना व्यसन लपवू नका
(पेशंटच्या घरच्यांसाठी)

स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) पेशंटला आमच्या केंद्रात आणताना घरचे हमखास विचारतात, "आजारामुळे व्यसन लागलं, की व्यसनामुळे आजार?" दोन्ही बाजूंनी होतं. अमेरिकेतल्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत अशा ४७ टक्के पेशंटना कधी ना कधी दारूचं वा अमली पदार्थांचं व्यसन जडलेलं आढळलं. तंबाखू त्यात धरलेलीच नाही. कोवळ्या वयात गांजा ओढला तर आजाराचा धोका वाढतो. उलट कानातले आवाज, उडालेली झोप आणि एकटेपणा विसरायला पेशंट बाटली जवळ करतो. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची यंत्रणा आजार आणि व्यसन दोन्हींत गुंतलेली असते. "संगत वाईट" एवढ्यावर विषय संपत नाही.

खोळंबा होतो तो लपवाछपवीने. "आमचा मुलगा पीत नाही हो," म्हणून फॉर्मवर सही होते आणि दोन-तीन दिवसांत हात थरथरू लागतात, भास होतात, कधी फिट येते. दारू एकदम तुटली की जिवावरही बेतू शकतं. शिवाय भास मूळ आजाराचे की दारू तुटल्याचे, हे उलगडण्यात दिवस जातात आणि बिल तुमचंच वाढतं. लघवीची तपासणी आम्ही सगळ्यांचीच करतो, राग मानू नका. सांगितलेली माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आम्हाला बंधनकारक आहे. सोयरिकीची काळजी इथे नको.

"बिडी काय, ती कोण मोजतं?" डॉक्टर मोजतात. बिडी-सिगारेटच्या धुराने यकृत क्लोझापिन, ओलान्झापिनसारखी या आजाराची औषधं लवकर निकालात काढतं. इथे बिडी बंद झाली की तोच डोस जास्त होतो: गुंगी येते, लाळ गळते, चक्कर येते. हा परिणाम धुराचा, निकोटीनचा नव्हे; म्हणून गुटखा किंवा मिश्रीने तसं होत नाही (त्यांचे तोटे वेगळे). तेव्हा दिवसाला किती बिड्या, तो आकडा खरा सांगा.

"आधी दारू सोडवून आणा, मग बघू" असं सांगून आम्ही कोणाला परत पाठवत नाही. दोन्ही उपचार इथे एकत्रच होतात. नुसतं व्यसन सोडवून आजार तसाच ठेवला, तर पेशंट पुन्हा बाटलीकडे वळण्याची भीती राहते.

घरी गेल्यावर बिडी पुन्हा सुरू झाली तरी फोन करा. रागावणार नाही, पण डोस डॉक्टरांना पुन्हा बघावा लागेल. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, कमी-जास्तही करू नका.