रात्र न मोजणारं झाड : ऑटोफ्लॉवर गांजा आणि आपली दादर ज्वारी

यूट्यूबवर हल्ली असे व्हिडिओ लय दिसतात, कॅनडातला कुणीतरी बाल्कनीतल्या कुंडीत कमरेपेक्षाही बुटकं गांज्याचं झाड दाखवतो आणि सांगतो की हे ऑटोफ्लॉवर आहे, बी टाकल्यापासून साधारण अडीच महिन्यांत तयार, म्हणजे आपोआप फुलणारं, दिवस किती मोठा आणि रात्र किती छोटी याची काही भानगडच नाही. मग आपल्याकडचा कुणीतरी विचारतो, हे झाड खरंच असं वागतं का, आणि जळगावात लावू का? तिकडे २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरी चार झाडं लावायची मुभा आहे. आपल्याकडे नाही. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कुंडीतलं एक झाड काय आणि वावरभर काय, लागवड ती लागवड, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला कपाशी-तुरीत लपवलेली झाडं पोलिसांनी उपटली, ही बातमी तर आपण वाचतच असतो. तेव्हा 'जळगावात लावू का' या प्रश्नाचं उत्तर तिथंच संपलं.

पण हे झाड असं वागतं का, हा प्रश्न वेगळा, आणि मला विचाराल तर त्याचं उत्तर गांज्यापेक्षा आपल्या ज्वारीत जास्त चांगलं समजतं.

आधी फुलायचं गणित बघू. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलर्ड या दोघांनी एक पेपर छापला. त्यांच्याकडे 'मेरीलँड मॅमथ' नावाची तंबाखू होती, उन्हाळाभर नुसती उंच उंच वाढायची पण फुलायचं नाव नाही, आणि तीच हिवाळ्यात काचघरात ठेवली की बुटकी असतानाच फुलायची. थंडी, खत, पाणी सगळं तपासून झालं आणि शेवटी सापडलं ते असं की झाड दिवसाची लांबी बघतंय. मग १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरूवर प्रयोग केले, तेच आपल्या बांधावरचं, धोतराला चिकटणारं काटेरी तण, आणि दिसलं की झाड खरं तर दिवस मोजतच नाही, रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मधेच थोडा वेळ दिवा लावला की गोखरू फुलत नाही. शेवंतीवाले हेच करतात, रात्री बल्ब लावून फूल पुढं ढकलतात. रस्त्याच्या मोठ्या दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं वावर पिवळं पडलं तरी हिरवंगार उभं राहतं, त्याचं कारणही हेच. लोक तिथं खतात नाहीतर बियाण्यात खोट शोधत बसतात.

हे मोजमाप पानात होतं. पानातलं फायटोक्रोम नावाचं प्रथिन उजेड ओळखतं, आणि झाडाच्या पेशीत चोवीस तासांची स्वतःची लय असते, त्या लयीतल्या ठराविक वेळी उजेड आहे का अंधार, यावर सगळं ठरतं. जमलं की पानात एफटी नावाचं प्रथिन तयार होतं, ते देठातून शेंड्यापर्यंत जातं, आणि शेंडा पानं काढायचं सोडून फुलं काढायला लागतो. असा काहीतरी निरोप पानातून जात असणार हे रशियातल्या चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच सांगितलं होतं, पण तो निरोप म्हणजे नेमकं हेच प्रथिन, याचा पुरावा मिळायला २००७ उजाडलं.

गांजा हे जात्याच लांब रात्रीचं झाड. तुरीसारखं, अंबाडीसारखं. (अंबाडीचं पानही इतकं तसंच दिसतं की शहरातला माणूस बांधावर दचकतो, आणि आपण तिची भाजी भाकरीशी खातो.) आता हे झाड उत्तरेकडं न्या. मॉस्कोला जूनमध्ये दिवस साडेसतरा तासांचा असतो. तिथं रात्र पुरेशी लांब होईपर्यंत थंडी दारात आलेली असते, बी पिकायला वेळच उरत नाही. अशा ठिकाणी जी झाडं रात्रीची वाट न बघता नुसत्या वयावर फुलली त्यांचंच बी मागं राहिलं. रशियातल्या यानिशेव्हस्की यांनी १९२४ मध्ये या रानटी बुटक्या गांज्याला 'रुडरॅलिस' असं वेगळं नाव दिलं, ती खरंच वेगळी जात आहे का यावर वनस्पतीवाले अजून भांडतात. तिच्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, फार कमी. पुढं लोकांनी तिचा नेहमीच्या गांज्याशी संकर केला आणि पुन्हा पुन्हा निवड करून ते वाढवलं. हा वयावर फुलण्याचा गुण मागं दबणारा आहे, म्हणजे पहिल्या पिढीत सगळी झाडं रात्र मोजणारीच निघतात आणि दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक ऑटो निघतं.

आणि ते बुटकं का, तर बुटकेपणाचा काही खास गुण असावाच लागतो असं नाही. तीन-चार आठवड्यांचं झालं की फुलायला लागतं, मग उंच व्हायला वेळ कधी मिळणार? आपली तूर घ्या ना, तेच बी जूनमध्ये पेरलं तर डोक्यावर जातं आणि सप्टेंबरच्या शेवटी पेरलं तर लहानसंच राहून फुलतं, कारण रात्री आधीच लांब झालेल्या असतात.

आता ज्वारी. ज्वारीत पीआरआर३७ नावाचं एक जनुक आहे, दिवस मोठा असेल तर संध्याकाळच्या उजेडात ते चालू राहतं आणि एफटीला दाबून ठेवतं, म्हणजे 'थांब, अजून फुलू नको.' हे जनुक निकामी झालं की ज्वारी रात्रीकडं फारसं बघत नाही. ज्वारी मुळात आफ्रिकेची, गरम देशातली, ती अमेरिकेत गेली तेव्हा अशीच बिघाड झालेली लवकर येणारी झाडं तिथल्या शेतकऱ्यांनी निवडली, आणि हेच जनुक त्यामागं होतं हे २०११ मध्ये नक्की झालं. मजा म्हणजे ऑटोफ्लॉवर गांज्याच्या काही वाणांत शोध घेतला तर तिथंही याच घराण्यातलं जनुक मोडलेलं सापडलं. दोन झाडांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एक गवत आणि एक भांग, पण बिघाड त्याच जागी.

म्हणून मला 'ऑटो' या शब्दातली हुशारी पटत नाही. झाड काही नवीन शिकलेलं नाही, त्याचा एक ब्रेक निकामी झालाय, आणि हा बिघाड फायद्याचा का तोट्याचा ते गावावर अवलंबून. १९६४ मध्ये भारतात सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं हायब्रीड आलं, तिची आई अमेरिकन वाणाची. बुटकी, शंभरेक दिवसांची, आणि कणसं भरलेली. खान्देशात हायब्रीड पसरलं, उत्पन्न वाढलं हे खरंच. पण ती पिकते कधी? सप्टेंबरच्या पावसात. दाणा काळा पडतो, बुरशी धरतो, भाकरी कुणाला नको वाटते. जुन्या उंच खरीप ज्वाऱ्या रात्र लांबायची वाट बघायच्या, त्यामुळं पाऊस ओसरल्यावरच त्यांचं कणीस भरायचं आणि दाणा पांढरा राहायचा. दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, तिचं तर पेरणीपासूनच सगळं पावसानंतर, आणि दादरची भाकरी म्हटल्यावर आजही माणूस दोन पैसे जास्त मोजतो.

जळगावला सगळ्यात मोठा दिवस साधारण १३ तास २५ मिनिटांचा, सगळ्यात लहान १० तास ५० मिनिटांचा. थंड देशातल्या भांगेच्या बऱ्याच वाणांना १४ तासांच्या आतला दिवस म्हणजे आधीच छोटा दिवस, ते इथं जूनमध्येसुद्धा फुलायला निघतील. इथले जुने देशी वाण तसे नव्हते, ब्रिटिशांच्या काळात शेजारच्या खंडव्याकडं परवान्यावर गांज्याची शेती व्हायची, आणि ते झाड इथल्या रात्रींना सरावलेलं होतं, पाऊस गेल्यावर फुलणारं. मॉस्कोकडच्या थंडीच्या ज्या अडचणीतून ऑटो गुण घडला ती अडचण तापीकाठी मुळात नाहीच. उलट जूनच्या पेऱ्याचं ऑटो झाड ऐन श्रावणातल्या झडीत फुलावर येईल, आणि दाट ओल्या फुलात बुरशी शिरायला किती वेळ लागतो हे हायब्रीड ज्वारी काढणाऱ्या कुणालाही विचारा.